एक पत्र पुण्यास, एक कलकत्त्यास

सख्या, देवा, विठ्ठल आणि नाना हे मराठेशाहींतील साडेतीन शहाणे सर्वांच्या तोंडीं आहेत. त्यांतील देवा हा आमच्या नागपूरचा. देवाजीपंत ऊर्फ दिवाकर पुरुषोत्तम चोरघडे, राहणार नरखेड, भोसल्यांच्या दरबारचे मुत्सद्दी. नाना फडणीस तलवार धरणारे नव्हते म्हणून लोकांनीं त्यांस अर्धें शहाणपण दिलें, असें सांगतात. देवाजीपंतांस मात्र पुरें दिलें. हें पुरें शहाणपण कोठें दिसतें असें कोणीं विचारलें, तर एखाद्या रणांगणाचें नांव सांगून भागत नाहीं. तें दिसतें कागदांवर. वकिलांच्या आणि जासुदांच्या हातून फिरलेल्या पत्रांत. त्यांपैकीं १७७८ ते १७८२ ह्या चार-पांच वर्षांतील पत्रव्यवहाराची हकीकत आज सांगावयाची आहे, कारण नागपूरकर भोसल्यांवरील एक मोठा आरोप ह्या पत्रव्यवहारावर उभा आहे. चार सत्तांनीं मिळून इंग्रजांविरुद्ध डाव मांडला असतां मुधोजी भोसल्यांनीं तो इंग्रजांसच कळविला आणि पैसे घेऊन ते स्वस्थ बसले, असा तो आरोप. आरोप खरा आहे. परंतु पत्रें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे तो प्रथम वाटतो तितका सरळ राहत नाहीं.

त्या काळचें पत्र म्हणजे काय वस्तु होती, तें आधीं पाहूं. दरबारी पत्राचा मायना ठरलेला असे. आरंभीं 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री', नांवापुढें 'गोसावी यांसि', शेवटीं 'बहुत काय लिहिणें' आणि मग मोर्तब. जुन्या लग्नपत्रिकांवर नांवामागें जें 'रा. रा.' दिसतें, तीं ह्या राजमान्य राजश्रींचींच उरलेलीं दोन अक्षरें होत. मायन्यांतील एखादें विशेषण गळलें तरी रुसवे होत; कारण लिहिणारा आपणांस वडील समजतो, बरोबरीचा समजतो कीं चाकर समजतो, तें तेथेंच कळे. हें पत्र चार लोकांसमक्ष वाचलें जाणार हें धरूनच लिहिलेलें असे. खरें बोलणें असे तें पुरवणींत. पुरवणी म्हणजे मूळ पत्रासोबत जाणारा निराळा कागद. वकील लोक एकाच दिवशीं दोन दोन, तीन तीन पुरवण्या लिहीत. एखादी धन्यापुढें ठेवण्याजोगी, एखादी केवळ कारभाऱ्यानें वाचून पोटांत ठेवावयाची. आणि पुरवणींतहि लिहूं नये अशी गोष्ट असली म्हणजे अमुक मनुष्य मुखजबानी सांगेल, एवढ्यावरच पत्र संपे. आजच्या संशोधकास ह्या मुखजबानीइतका राग दुसऱ्या कशाचाहि येत नसेल. त्यांतून तारखेची अडचण आहेच. 'छ' हें अक्षर, त्यापुढें मुसलमानी महिन्याचा चंद्र, आणि वर्ष पुष्कळदां लिहिलेलेंच नाहीं. लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास तें ठाऊक होतें. आपली सोय पाहण्याचें त्यांस कारण नव्हतें.

दुसरी एक साधी गोष्ट आहे, पण ती विसरून चालत नाहीं. मनुष्याचीं पत्रें त्याच्या घरीं सांपडत नाहींत. ज्यास लिहिलीं त्याच्या घरीं सांपडतात. भोसल्यांचा नागपूरचा वाडा १८६४ सालीं जळाला आणि त्यांतील नगारखाना तेवढा शिल्लक राहिला. म्हणून नागपूरकरांचें राजकारण शोधावयाचें तर दुसऱ्यांच्या दप्तरांत शिरावें लागतें. पुण्याकडे लिहिलेलें तें पेशव्यांच्या आणि त्यांच्या सरदारांच्या दप्तरांतून, कलकत्त्यास लिहिलेलें तें कंपनीच्या फार्सी दप्तरांतून. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं १८९७ पासून पटवर्धनांचे कागद छापावयास घेतले. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढला. सरदेसायांनीं १९३० नंतर पेशवे दप्तरांतील निवडींचे ४५ भाग सिद्ध केले. कलकत्त्याच्या फार्सी पत्रव्यवहाराच्या इंग्रजी सारांशाचे भाग १९११ पासून बाहेर येऊं लागले. आमच्या नागपुरांत यादव माधव काळे ह्यांनीं १९३४ सालीं भोसल्यांचा इतिहास लिहिला, तेव्हां हे दोन्ही प्रवाह प्रथमच एका पात्रांत आले असें म्हणण्यास हरकत नाहीं. मुधोजींनीं पुण्यास काय लिहिलें आणि त्याच सुमारास कलकत्त्यास काय लिहिलें, हें एकाच मेजावर ठेवून पाहण्याची सोय मुधोजींच्या हयातींत कोणासहि नव्हती. नाना फडणिसांसहि नव्हती.

आतां हकीकतीकडे वळूं. पुणें आणि नागपूर ह्यांचें वैर जुनें. १७६३ त जानोजी भोसल्यांनीं निजामाबरोबर जाऊन पुणें लुटविलें. १७६९ त माधवराव पेशव्यांच्या फौजेनें नागपूर लुटलें आणि कनकापूरचा तह जानोजींच्या गळ्यांत घातला. १७७२ त जानोजी वारले. सेनासाहेबसुभा हें पद कोणाचें, ह्यावरून मुधोजी आणि साबाजी ह्या भावाभावांत लढाई जुंपली, आणि पुण्याच्या कारभाऱ्यांनीं कधीं ह्याला तर कधीं त्याला हात दिला. २६ जानेवारी १७७५ रोजीं नागपूरजवळ पांचगांवास साबाजी मुधोजींच्याच हातून पडले. मुधोजींचे पुत्र रघूजी हे जानोजींस दत्तक गेलेले; त्यांच्या नांवानें मुधोजी 'सेनाधुरंधर' म्हणून कारभार पाहूं लागले. म्हणजे पुण्याचें पत्र आलें कीं त्यांत पदाचा नजराणा, मागील बाकी, किंवा फौज घेऊन या, ह्यांपैकीं कांहीं तरी असावयाचेंच, हा नागपूरचा अनुभव. मायना कितीहि गोड असला तरी मुधोजी तें पत्र कोणत्या मनानें उघडीत असतील, ह्याचा अंदाज करतां येतो.

उलट कलकत्त्याहून येणारें पत्र कांहीं तरी देऊं करीत असे. डिसेंबर १७७७ त साताऱ्याचे छत्रपति रामराजे वारले. नागपूरचे भोसले हे शिवछत्रपतींच्या कुळांतले, तेव्हां सातारच्या गादीचें आमिष दाखवून त्यांस पेशव्यांपासून फोडावें, अशी कल्पना वॉरन हेस्टिंग्जच्या मनांत आली. त्यासाठीं त्यानें अलेक्झांडर इलियट ह्या आपल्या विश्वासांतल्या तरुणास नागपुरास धाडलें. हा गृहस्थ नागपुरास पोंचलाच नाहीं. १२ सप्टेंबर १७७८ रोजीं सारंगगडच्या बाजूस तापानें त्याचा अंत झाला. वयानें तो पंचविशींतहि नव्हता. सेमरा गांवीं हेस्टिंग्जनें त्याची समाधि बांधविली. पुढें कर्नल गॉडर्ड नर्मदाकांठीं तळ देऊन होता, तेथून वॉदरस्टन नांवाचा अधिकारी नागपुरास आला. त्यासहि होकार मिळाला नाहीं आणि नकारहि मिळाला नाहीं. देवाजीपंतांचा हात येथें दिसूं लागतो. इतक्यांत जानेवारी १७७९ त वडगांवास मुंबईच्या इंग्रजी फौजेची फजिती झाली, आणि होकार दिला नाहीं हेंच बरें झालें असें नागपुरास वाटलें असल्यास नवल नाहीं.

कलकत्त्यास भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित. ह्या गृहस्थाची आणि हेस्टिंग्जची ओळख दरबारी राहिली नव्हती. ती घरोब्याची झाली होती. पुढें १७८१ च्या ऑगस्टांत बनारसेस चेतसिंगाचा उठाव होऊन हेस्टिंग्जला रातोरात चुनारगडाकडे पळावें लागलें, तेव्हां बेनीराम आणि त्यांचे बंधु विश्वंभर पंडित त्याच्या मागोमाग गेले आणि त्यांनीं त्यास एक लक्ष रुपये रोख देऊं केले. हेस्टिंग्जनें हे उपकार स्वतः लिहून ठेवले आहेत आणि पुढें त्यांस जहागीरहि दिली. धन्याचा वकील परक्या दरबाराच्या प्रमुखास संकटांत स्वतःची थैली उघडून देतो, तेव्हां तो नेमका कोणाचा वकील, असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनांत उभा राहिल्याशिवाय राहत नाहीं. नागपूरचें राजकारण ह्या मनुष्याच्या लेखणींतून कलकत्त्यास जात होतें आणि कलकत्त्याचें मन ह्याच्याच पत्रांतून नागपुरास कळत होतें.

१७८० च्या आरंभीं पुण्याचें कारस्थान सिद्ध झालें. हैदरानें मद्रासेवर जावें, निजामानें उत्तर सरकारांत उतरावें, पुणेकरांनीं आणि शिंदे-होळकरांनीं गुजराथ व कोंकण संभाळावें, आणि भोसल्यांनीं कटकाच्या वाटेनें बंगाल्यावर पडावें. नानांच्या डोक्यांतून निघालेल्या मसलतींत ह्याहून मोठी दुसरी नाहीं. मुधोजींनीं होकार दिला. आणि होकार खोटा नाहीं हें दाखविण्यासाठीं १७७९ च्या दसऱ्याच्या सुमारासच आपले पुत्र चिमणाजी ह्यांस सुमारें तीस हजार स्वारांनिशीं पूर्वेकडे रवाना केलें होतें. पुण्यास पत्रें गेलीं कीं फौज निघाली, वाट अवघड आहे, खर्चाची ओढ आहे. तिकडे कलकत्त्यास पत्रें गेलीं कीं पुण्याच्या आग्रहास्तव फौज काढणें भाग पडलें, ती सावकाश चालेल, पावसाळा तोंडावर आल्याशिवाय पोंचणार नाहीं. दोन्ही पत्रांतील वस्तुस्थिति एकच होती, आणि गंमत अशी कीं दोन्ही पत्रें खरीं होतीं! फौज निघाली होती, वाट अवघड होती, आणि ती सावकाश चालत होती. नागपूरहून कटकास पोंचावयास चिमणाजींस सात महिने लागले. मे १७८० त ते तेथें पोंचले तेव्हां मृग तोंडावर आला होता.

ह्यानंतरचे पांच-सहा महिने हे ह्या हकीकतीचे मर्म होत. १७ ऑगस्टला कलकत्त्यास हेस्टिंग्ज आणि त्याच्याच कौन्सिलांतील फ्रान्सिस ह्यांनीं एकमेकांवर पिस्तुलें झाडलीं. राज्य चालविणाऱ्यांत ही एकी! १० सप्टेंबर रोजीं पोलिलूर येथें हैदरानें बेलीची पलटण पार बुडविली. मद्रास जाते कीं राहते असा प्रसंग आला. हेस्टिंग्जनें सर आयर कूट ह्यास पैसा व गोरे लोक देऊन समुद्रमार्गानें धाडलें, आणि कर्नल पिअर्स ह्याच्या हाताखालीं दुसरी मोठी फौज खुष्कीनें धाडण्याचें ठरविलें. खुष्कीची वाट कोणती? ओरिसांतून, म्हणजे भोसल्यांच्या मुलखांतून, चिमणाजींच्या तीस हजार स्वारांच्या डोळ्यांदेखत. बंगाल्यांत फौज थोडी, खजिना रिकामा, गव्हर्नर जनरल आपल्याच सोबत्यांशीं भांडत आहे, आणि सरहद्दीवर मराठ्यांची उपाशी फौज. चाळीस वर्षांपूर्वीं पहिल्या रघूजींच्या स्वारांच्या भीतीनें कलकत्तेकरांनीं शहराभोंवतीं खंदक खणला होता, त्याची आठवण जुन्या लोकांस अजून होती.

आणि चिमणाजी काय करीत होते? ते ढेंकनालच्या राजाशीं लढत होते. ओरिसांतील त्या डोंगरी राजानें त्यांस बराच त्रास दिला. ब्रजनाथ बडजेना ह्या ओडिया कवीचें 'समरतरंग' हें काव्य ह्याच लढाईवर आहे. बंगाल्यावर निघालेल्या स्वारीचें काव्य झालें तें ढेंकनालचें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

कलकत्ता आणि नागपूर ह्यांमधील पत्रांची ये-जा ह्या दिवसांत वाढली. फौजेस पगार नाहीं, ती आवरणें कठीण, हें मुधोजींचें म्हणणें; त्यांत विनंति किती आणि धमकी किती, हें ठरविण्याचें काम त्यांनीं हेस्टिंग्जवर सोडलें होतें. हेस्टिंग्जनें तें बरोबर ओळखलें. आधीं तीन लक्ष रुपये गुप्तपणें चिमणाजींकडे गेले. मग कटकचे सुभेदार राजाराम पंडित स्वतः कलकत्त्यास गेले आणि १७८१ च्या एप्रिलांत तेरा लक्ष रोख व दहा लक्षांपर्यंत कर्ज असा करार ठरला. पिअर्सची फौज कटकावरून दक्षिणेस निघून गेली. वाटेंत तिचें मोठें नुकसान झालें तें गंजामजवळ पटकीनें. भोसल्यांच्या स्वारांनीं नव्हे. निजामास गुंटूर परत देऊन हेस्टिंग्जनें त्यास आधींच थंड केलें होतें. चौघांचें कारस्थान दोघांवर आलें.

खासगी आणि सरकारी ह्यांतील सरहद्द इंग्रजांकडे तरी शाबूत होती असें कोणीं समजूं नये. कौन्सिलापुढें ठेवावयाची पत्रें निराळीं आणि विलायतेंतील मित्रांस लिहावयाचीं निराळीं, ही हेस्टिंग्जची रोजची रीत होती. चिमणाजींस दिलेल्या पहिल्या रकमेंत स्वतःचा पैसा कोणता आणि कंपनीचा कोणता, ह्याचा खुलासा त्यानें डायरेक्टरांपुढें ज्या अडखळत रीतीनें केला, तिची पुढें पार्लमेंटांतील खटल्यांत चांगलीच उलटतपासणी झाली. तो खटला १७८८ त सुरू झाला आणि १७९५ त हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. मुधोजींवर खटला भरणारें कोणी नव्हतें. त्यांचा निवाडा इतिहासलेखकांकडे आला, आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं तो एका शब्दांत उरकला: फितूर.

मला हा शब्द पुरेसा वाटत नाहीं. फितूर मनुष्य एका बाजूस जातो. मुधोजी कोणत्याच बाजूस गेले नाहींत. सातारच्या गादीचें आमिष त्यांनीं नाकारलें, हें आपण विसरतों. पेशव्यांच्या मुलखावर त्यांनीं इंग्रजांच्या बाजूनें एकहि स्वार घातला नाहीं. १७८० च्या अखेरीस इंग्रज आणि पुणें ह्यांचा तह आपल्या मध्यस्थीनें व्हावा असा त्यांचा प्रयत्न होता, आणि हेस्टिंग्जनें तहाचा मसुदाहि त्यांच्याकडे पाठविला होता. दोघांसहि आपली गरज लागावी आणि दोघांपैकीं कोणीहि इतका बलाढ्य होऊं नये कीं नागपूर गिळील, हें त्यांचें व देवाजीपंतांचें धोरण पत्रांतून स्वच्छ दिसतें. दोष आहे तो ह्या धोरणाच्या मापांत. पुणें आणि कलकत्ता हीं दोन सारख्या वजनाचीं पारडीं आहेत असें त्यांनीं धरलें. पुण्याचा जाच त्यांच्या पिढीनें भोगलेला होता. कलकत्त्याचा भोगावयाचा होता. १७८० च्या पावसाळ्यांत हें ओळखणारा एक मनुष्य पुण्यास बसला होता, आणि त्यास नागपुरांत पत कमी होती. कमी कां होती, तें वर आलेंच आहे. १७६९ ची राख कोणीं केली होती?

ह्याच दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास हेंच इंग्रजांशीं युद्ध चाललें होतें. अमेरिकेंतील तेरा वसाहतींचा एकोपाहि पत्रांतूनच उभा राहिला. १७७२ पासून बोस्टनच्या पुढाऱ्यांनीं गांवोगांव पत्रव्यवहार मंडळ्या स्थापून एकमेकांस कळवावयाची शिस्त घातली. तेथें हेवेदावे नव्हते असें नाहीं. जॉन अॅडॅम्स आणि जेफर्सन हे दोन स्नेही १८०० च्या निवडणुकीनंतर बारा वर्षें एकमेकांशीं बोलत नव्हते. १८१२ त तिसऱ्या एका मित्राच्या खटपटीनें पत्रें पुन्हां सुरू झालीं, तीं १८२६ च्या ४ जुलैस, एकाच दिवशीं दोघेहि वारले तोंपर्यंत चाललीं. परंतु तेरा वसाहतींस एक काँग्रेस होती. तिच्यापुढें पत्र ठेवलें म्हणजे तें तेराहि जणांनीं वाचलें असें होई. आमच्याकडे नानांचें पत्र हैदरानें, हैदराचें निजामानें, निजामाचें मुधोजींनीं वाचण्याची कांहींच सोय नव्हती. प्रत्येकाचा कागद निराळ्या थैलींत. तिथ्या पाहिल्या तर मन चरकतें. १३ ऑक्टोबर १७८१ रोजीं महादजी शिंद्यांनीं कर्नल म्यूर ह्याच्याशीं निराळा तह केला, आणि सहाच दिवसांनीं, १९ ऑक्टोबरला, यॉर्कटाउन येथें कॉर्नवॉलिसनें वॉशिंग्टनपुढें शस्त्र ठेवलें. ती बातमी इकडे येण्यापूर्वींच इकडचा निकाल ठरत आला होता.

मध्यस्थीचा मान अखेर महादजींस मिळाला. १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. देवाजीपंत त्यापूर्वींच, १७८१ त, वारले होते. मुधोजी १७८८ त गेले. दोन दरबारांस लिहिलेल्या पत्रांबद्दल त्यांस हयातींत कांहींच भोगावें लागलें नाहीं, आणि हाच धडा नागपूरच्या पुढील पिढीनें घेतला असावा. ज्या कटकांतून पिअर्सची पलटण जाऊं दिली, तो प्रांत १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवच्या तहानें कंपनीकडे गेला. पुढें मे १८१६ त मुधोजींचे नातू आप्पासाहेब, ज्यांचें खरें नांवहि मुधोजीच, ह्यांनीं तैनाती फौजेचा तह केला. अशा तहांत एक कलम ठरलेलें असे: कंपनीच्या माहितीशिवाय दुसऱ्या कोणत्याहि दरबाराशीं बोलणें लावूं नये. आजोबांच्या काळीं जी वकिली होती, ती ह्या एका कलमानें अपराध झाली. आप्पासाहेब बाजीरावास गुप्तपणें लिहीत राहिले. २४ नोव्हेंबर १८१७ रोजीं त्यांनीं पेशव्यांकडून आलेलीं सेनासाहेबसुभ्याचीं वस्त्रें उघड स्वीकारलीं. दोन दिवसांनीं सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या. लढाई हरल्यावरहि त्यांचीं बाजीरावास पत्रें चालूच होतीं. रेसिडेंट जेंकिन्स ह्यानें तीं वाटेंत पकडलीं, आणि १८१८ च्या मार्चांत आप्पासाहेब कैद झाले. मेमध्यें प्रयागाकडे नेत असतां ते पहाऱ्यांतून निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयास राहिले, पुढें देशोदेशीं फिरले आणि १८४० सालीं जोधपुरास वारले. इकडे नागपुरांत त्याच जेंकिन्सच्या सांगण्यावरून काशीराव राजेश्वर गुप्ते ह्यांनीं नागपूरकर भोसल्यांची बखर लिहिली.